बिनकाठाचे तांबडे

कार्तिक व. ५, रविवार

स्नानसंध्या व पूजा लवकर आटोपली. कारण सात्त्विक नव्हे. जुन्या बाजारात जायचे होते.

नात चि. ऋजुता जुनी वस्त्रे जमवते. धुऊन, रफू करून नेसते, मोबाइलवर त्यांची चित्रे प्रसिद्ध करते, क्वचित विकते. तिच्या या उद्योगाला ‘जुनेर’ हे नाव मीच सुचवले आणि तेव्हापासून वस्त्रांची नावे सांगण्याची चाकरी माझ्याकडे आली. अपरिग्रहावर आयुष्यभर प्रवचने केली. आता ब्याऐंशीव्या वर्षी रविवार कधी उजाडतो याची वाट पाहतो. मनाच्या या लोभाला काय म्हणावे?

एक इरकली मिळाले, काठ शाबूत. माझ्या तरुणपणीचा असावा असा गबार्डीनचा कोट मी अंगात घालून पाहिला. विक्रेता म्हणाला, “आजोबा, आरशात बघायचे पैसे घेत नाही. पण म्हणून किती वेळ बघायचं?” ऋ. इतकी हसली की कोट घ्यावाच लागला.

परतताना एका बोहारणीच्या ढिगाऱ्याच्या तळाशी तांबडे टोक दिसले. ऋ.ने ओढून काढले. नऊवारी, सुती, गडद तांबडे. काठ नाही, पदरावर काही नाही. तिने ते गालाला लावले. “आजोबा, रंग बघा हा! एक रेघसुद्धा नाही. कसलं मिनिमल आहे! ह्याला काय म्हणतात?”

बोहारणीला विचारले. तिला ठाऊक नव्हते. “कसब्यातल्या कुनाच्या तरी ट्रंकेत होतं, ताई. घ्या, गोधडीला बरंय.”

मी म्हणालो, “तांबडे लुगडे.”

असत्य नाही. परंतु

कार्तिक व. ६, सोमवार

कालचे वाक्य अपुरे राहिले. पूर्ण करतो.

ते आलवण आहे.

लिहिला एकदाचा तो शब्द. तोंडाने तो कित्येक वर्षांत उच्चारलेला नाही. घरात कोणाला त्याचा अर्थ ठाऊक असेल असे वाटत नाही. सून सौ. माधवी पन्नाशीची, तिनेही पाहिलेले नसणार. ज्या विधवेचे केशवपन झाले, तिने उरलेले आयुष्य ज्यात काढायचे ते हे वस्त्र. काठ नाही, कारण काठ हा अलंकार. चोळी नाही. कुंकू तर नाहीच.

संशयाला जागा होती, ती आज गेली. ऋ.ने लुगडे धुऊन गॅलरीत वाळत घातले होते. पदराकडे हात-दीड हात आत एक जागा विरलेली, उन्हात आरपार दिसते. ऋ. म्हणते, “इथे बघा किती मऊ झालंय! लाखात एक.” वपनानंतर चार दिवसांनी डोईवर जे खुंट उगवतात, ते कापडाला खातात. ताईआत्याच्या पदराला नेमकी तेथेच अशी जागा होती.

ताईआत्या ही वडिलांची थोरली बहीण. नवव्या वर्षी विवाह, अकराव्या वर्षी वैधव्य. माझी संथा तिच्यापासून सुरू झाली. पुरुष म्हणत ते दाराआडून ऐकून तिने सारे पाठ केले होते. स्वर एकही चुकत नसे. मी तिच्या मांडीवर बसून म्हणे आणि ती त्या मऊ जागेने माझे नाक पुसे.

कार्तिक व. ८, बुधवार

ऋ.चा साखरपुडा मार्गशीर्ष शु. एकादशीस, रविवारी. मुहूर्त असा नाही, सर्वांना सुटी म्हणून. वर चि. तुषार, सॉफ्टवेअरमध्ये. मंडळी मूळची वर्धेकडची, बौद्ध. कात्रजला पंचवीस वर्षे. मी संमती दिली आहे आणि ती मनापासून दिली आहे, हे येथे पुन्हा लिहून ठेवतो.

आज तुषार येऊन एक साडी देऊन गेला. त्याच्या आजीची, कौसल्याबाईंची. त्यांनी स्वतःच्या लग्नात नेसलेली. त्यांच्या घराने दीक्षा घेतल्यानंतरचे ते पहिले लग्न. पांढरी, बारीक निळ्या काठाची, अजून घडीची टोके धारदार. कौसल्याबाईंचा निरोप: वाटलं तर नेसावी, जबरदस्ती नाही.

ऋ. हरखली. सौ. माधवी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. काही वेळाने माझ्याकडे आली. “अण्णा, तुम्ही तरी सांगा. साखरपुड्याला पांढरं? माझा काही विरोध नाही हो कशाला. माणसं सोन्यासारखी आहेत. पण पांढरं… आपल्यात…”

वाक्य तिनेही पुरे केले नाही. या घरात अपुऱ्या वाक्यांची साथ आली आहे.

कार्तिक व. १०, शुक्रवार

मायलेकींचा वाद मिटला आणि मी बुडालो.

ऋ. म्हणाली, “बरं आई, आजींची पांढरी लग्नात नेसते. साखरपुड्याला ते परवाचं लाल. लाल चालेल ना? लाल तर तुमचं एकदम शुभ.”

सौ. माधवीचा चेहरा निवळला. “लाल म्हणजे काय, उत्तमच की!”

तिने लगोलग देवघरातून कोयरी आणली, लुगड्याची घडी पाटावर ठेवली आणि नव्या वस्त्राला लावतात तसे कोपऱ्याला हळदीकुंकू लावले. मी समोर आसनावर, माळ हातात. माळेतील कोणत्या मण्याशी होतो ते सुटले. ज्या वस्त्रात कुंकवाचे नाव घेणे निषिद्ध, त्याच्या टोकाला माझ्या सुनेचे बोट. तिने नमस्कारही केला. मलाही म्हणाली, “अण्णा, तुम्ही अक्षता टाका.”

टाकल्या.

शुभ्राला अशुभ मानून माझ्या घराने ते बाजूला ठेवले आणि शुभ म्हणून जे उचलले ते हे. यावर हसू यावे. आले नाही.

कार्तिक व. ११, शनिवार

एकादशी. उपवास. मन उपवासात नाही.

आज सकाळपासून पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मीच मांडतो आहे. सांगितले, तर मुलीचा आनंद जाईल आणि सौ. माधवी जन्मभर शकुन-अपशकुनाच्या भीतीत राहील. न सांगितले, तर एक वस्त्रच ते. वस्त्राला काय ठाऊक? परंतु मग मला इतके का लागावे?

लागते, कारण मला भय वाटते. नातीच्या मंगलप्रसंगी आलवण. हे भय तर्काचे नाही. ते लहानपणी अंगात शिरलेले आहे. आणि हे भय खरे धरले, तर ताईआत्या अशुभ होती हेही खरे धरावे लागते. ते मला मान्य नाही. कधीच नव्हते. तरीही भय जात नाही. दोन्ही एकाच हृदयात कशी राहतात?

दुपारी युक्ती सुचली. काठ नसणे हे जर आलवणाचे लक्षण, तर काठ लावल्यावर ते आलवण उरत नाही. न्यायदृष्ट्या निर्दोष. सौ. माधवीस म्हणालो, “फारच साधे दिसते. काठ लावून घ्यावा.” ती तत्काळ खूश. “मी हेच म्हणत होते!”

मार्गशीर्ष शु. १, गुरुवार

सौ. माधवी तुळशीबागेतून तीन प्रकारचे जरीकाठ घेऊन आली. ऋ.ने पाहिलेसुद्धा नाहीत. “आई, ओरिजिनल पीस आहे तो! आणि आजोबा, तुम्हीसुद्धा? मागे एका इरकलीचा काठ बदलला तेव्हा त्या विकणाऱ्या बाईला तुम्हीच झापलं होतंत ना? वस्त्राचा इतिहास पुसू नये म्हणून?”

झापले होते खरे. न्यायशास्त्र संपले.

तिने लुगड्याचे छायाचित्र मोबाइलवर टाकले आहे. खाली लोकांचे अभिप्राय. मला वाचून दाखवले. ‘रॉयल’, ‘आजीची आठवण आली’. एकीने विचारले आहे, यावर चोळी कोणती घालणार? ऋ. म्हणाली, “मखमली, हिरवी. कशी वाटेल, आजोबा?”

छातीत कळ आली. पित्त असावे. औषध घेतले.

मार्गशीर्ष शु. ४, रविवार

कात्रजला जाऊन आलो. जेवणाचे व हॉलचे ठरवायचे होते. कौसल्याबाई माझ्याच वयाच्या, दोन-तीन वर्षांनी लहान असतील. वर्ध्याकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. उंच, खणखणीत आवाज. मागील भेटीत मी काही घेतले नव्हते, एकादशी होती. आज त्यांनी दारातच विचारले, “काहून जी गुरुजी, आज तं एकादशी नाही ना? का माह्या घरी येतानी रोजच असते?”

चहा घेतला. साखर अधिक होती. दुसरा कपही घेतला.

मुले टेरेसवर गेली, सौ. माधवी तुषारच्या आईसह याद्या करीत बसली. कौसल्याबाईंनी स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे धरला. तेच छायाचित्र.

“पोरगी छान दिसून राह्यली. पण गुरुजी, हे लुगडं तं तुमच्या लोकातल्या बोडक्या बाईचं आहे ना?”

मी म्हणालो, “होय.”

“तिले माहीत आहे?”

“नाही.”

“अन तुमाले कधीचं माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “मीबी मास्तरीन होती. उत्तर येत असून हात वर न करनारा पोरगा मले कधी समजला नाही.”

मग त्या वेगळ्याच सुरात बोलल्या. “आमच्या गावात एक होती. ओट्यावर बसे, हातात माळ. सकाळी तिचं तोंड दिसलं का लोक घरात परत जात. आमचं दिसलं तरी परत जात. मी शाळेत चालली का रस्त्यावर आम्ही दोघीच उरत होतो. मंग ती मले पाहे अन मी तिले.”

आतून हाक आली म्हणून उठल्या. उठताना म्हणाल्या, “मी नाही सांगनार तिले. तुमच्या घरचं आहे ते.”

परतीच्या वाटेवर ऋ. विचारत होती, “आजी काय म्हणत होत्या एवढं?” म्हणालो, शाळेच्या गोष्टी.

मार्गशीर्ष शु. ५, सोमवार

सांगायचे ठरवून तिच्या खोलीत गेलो. ती कोणाशी तरी फोनवर भांडत होती, फुलांवरून. परत आलो. पुन्हा गेलो तेव्हा म्हणाली, “आजोबा, काही हवंय?” चष्मा, म्हणालो. चष्मा माझ्या नाकावर होता.

जप केला. संख्या धरली नाही.

मार्गशीर्ष शु. ६, मंगळवार

रात्रभर मुंजीची आठवण. मातृभोजनाला मी आईच्या ताटात जेवत होतो. ताईआत्याने पहाटेपासून राबून तो स्वयंपाक केला होता, सोवळ्याने. ती माजघराच्या दाराआड होती. फटीतून तांबडे दिसले. मी हाक मारली. कोणीतरी, बहुधा काकांनी, माझी हनुवटी धरून तोंड दुसरीकडे वळवले. बटूने शुभदिनी पाहू नये म्हणून. रागाने नव्हे, फार मायेने वळवले. तो हात अजून हनुवटीवर आहे.

त्या हाताची आज का आठवण व्हावी, हे न कळण्याइतका मी अडाणी नाही.

मार्गशीर्ष शु. ७, बुधवार

सांगितले.

दुपार. ऋ. जमिनीवर लुगडे पसरून निऱ्या घालून पाहत होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, “त्या दिवशी तू नाव विचारले होतेस. त्याला आलवण म्हणतात.”

“वॉव! किती सुंदर शब्द आहे!” तिने मोबाइल उचलला. “आलवण की अलवण? थांबा, आत्ताच टाकते.”

“टाकू नकोस. आधी ऐक.”

सांगत गेलो. केशवपन, न्हावी मागल्या दाराने येणे, काठ नसण्याचे कारण, ताईआत्या व तिच्या मांडीवरची संथा, ती विरलेली जागा. विरलेल्या जागेचे सांगितले तेव्हा तिचा हात नेमका तेथेच होता. तिने तो उचलला नाही. मला वाटले होते, झटक्याने उचलील.

मग म्हणाली, “तुम्हाला जुन्या बाजारातच कळलं होतं?”

“होय.”

“आणि आई कुंकू लावत होती तेव्हा?”

“होय.”

“अक्षता टाकल्यात, आजोबा.”

“टाकल्या.”

“फेट्याचे प्रकार सांगता तुम्ही मला. इरकल आणि खण ह्यातला फरक तासभर सांगता. आणि ह्याचं नाव विचारलं तर ‘तांबडे लुगडे’?”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. मग विचारले, “हे तुमच्या ताईआत्यांचं आहे?”

“नव्हे. कोणाचे, ते आता कोणालाच कळणार नाही.”

“त्यांचं नाव काय होतं? ताईआत्या नाही. नाव.”

“यमुना. पितृपक्षात तर्पणाला उच्चारतो.”

“म्हणजे वर्षातून एकदा.”

मी मान डोलावली. तिने घडी घातली, माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, “राहू दे इथे. मला विचार करू दे.”

मी वाट पाहत होतो की ती विचारील, आजोबा, मग मी काय नेसू? आयुष्यभर लोक मला निर्णय विचारत आले. हिने विचारला नाही.

मार्गशीर्ष शु. ८, गुरुवार

तिने आईला सांगितले. सौ. माधवी माझ्यापुढे येऊन उभी राहिली, डोळे लाल. रागावेल असे वाटले.

“अण्णा, मी कुंकू लावलं हो त्याला.”

“पाहिले.”

“आता? पुसू का? दोष लागेल का काही पोरीला? तुम्हाला शास्त्र माहीत आहे. सांगा ना.”

सांगण्यासारखे पुष्कळ होते. शांती, प्रायश्चित्त, दान. प्रत्येकाला वचन आहे. परंतु त्या घडीच्या कोपऱ्यावरील कुंकू पाहत असता मला एवढेच दिसले की कोणा एका बाईला, कोणीही असो, ते फार उशिरा लागले आहे.

“राहू दे,” म्हणालो.

“राहू दे म्हणजे तिने नेसावं?”

“राहू दे म्हणजे पुसू नकोस. पुढचे मला ठाऊक नाही.”

ती गेली. मला ठाऊक नाही, असे या घरात मी पहिल्यांदाच म्हणालो असेन. तिलाही ते चमत्कारिक वाटले असावे. दारातून वळून पाहिले.

मार्गशीर्ष शु. ९, शुक्रवार

लुगडे टेबलावर, रोजनिशीशेजारी. ऋ. ऑफिसला जाते, येते, नीट बोलते. हसत नाही. मोबाइलवरील ते छायाचित्र तिने काढून टाकले आहे का, विचारले. “नाही. खाली काय लिहायचं ते सुचत नाहीये.”

कौसल्याबाईंचा फोन. “सांगितलं का, गुरुजी?” सांगितले म्हणालो. “बरं केलं.” मग, “जेवनात मिठाई कोनती ठेवता?”

मार्गशीर्ष शु. १०, शनिवार

मुलगा श्रीकांत बंगळूरहून आला. त्याला कोणी काही सांगितलेले नाही. टेबलावरची घडी पाहून म्हणाला, “हे काय अण्णा, नवीन सोवळं का?”

संध्याकाळी ऋ. येऊन माझ्याजवळ बसली. त्या विरलेल्या जागेवरून बोट फिरवीत राहिली. म्हणाली, “नेसले तर फॅन्सी ड्रेस वाटेल का, आजोबा? त्यांना सक्तीनं नेसवलं, आणि मी हौसेनं. मखमली चोळी घालून. आणि नाही नेसले तर… परत ट्रंकेतच टाकायचं ना त्यांना?”

मी उत्तर देऊ लागलो. तिने हात वर केला. “नको. मोठ्यानं विचार करतेय फक्त.”

मग म्हणाली, “त्या म्हणायच्या ते काहीतरी म्हणा ना. जे तुम्हाला मांडीवर शिकवलं.”

म्हटले. ताईआत्याच्या चालीत. एके ठिकाणी स्वर चुकला. तिचा कधी चुकत नसे.

मार्गशीर्ष शु. ११, रविवार

एकादशी. आजच्या तिथीला गीतेचे पारायण करण्याचा माझा पन्नास वर्षांचा नेम. आरंभ केला. दुसऱ्या अध्यायात जीर्ण वस्त्रे टाकून नवी धारण करण्याचा तो दृष्टान्त आला. या दृष्टान्तावर मी किती प्रवचने केली, गणती नाही. आज तेथून पुढे सरकता येईना. ज्यांना एकच वस्त्र नेमून दिले होते, त्यांचे काय, हे विचारायचे मला इतक्या प्रवचनांत सुचले नाही. पोथी बांधून ठेवली. नेम मोडला.

टेबलावर लुगडे नाही. पहाटे केव्हा नेले, कळले नाही. सौ. माधवी सांगून गेली, कपाटातील पांढरी साडीही जागेवर नाही.

खाली गाडी उभी आहे. ऋ.चे दार आतून बंद. श्रीकांत दोनदा हाक मारून गेला, “अगं, कात्रजच्या चौकात अडकू!” आतून, “आले, बाबा,” एवढेच.

मी जुन्या बाजारातला गबार्डीनचा कोट घातला आहे. बाह्या किंचित लांब.

सौ. माधवी जरीची साडी नेसून, हातात कोयरी घेऊन बाहेर उभी. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “अण्णा, ते नेसली असेल तर कुंकू लावू ना? आणि पांढरं असेल तर?”

“जे असेल त्याला लाव.”

तिने मान हलवली. कोयरीचे झाकण उघडून ठेवले.

टेबल सोडून खुर्ची तिच्या दारासमोर आणली आहे; वही मांडीवर. तोंड दाराकडे. कडी काढल्याचा आवाज